चकवा, दिशाज्ञान आणि मेंदूतील स्थानपेशी : एक विवेचन

बीजशब्द : स्थानपेशी, जालपेशी, शिरोदिशा पेशी, हिप्पोकॅम्पस, चकवा, स्मृतिभ्रंश

प्रस्तावना :

वसमत परिसर हा पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस आणि हळद पिकविणारा प्रदेश म्हणून ओळखला जातो. कृषिपंपांना वीज अनेक वर्षे रात्रीच्या पाळीत मिळत आल्यामुळे येथील शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी देण्यासाठी शेतात जावे लागते. अशा एखाद्या अमावास्येच्या रात्री माणूस पायाखालच्या वाटेने घराकडे निघतो, अर्धा-पाऊण तास चालतो आणि फिरून त्याच विहिरीपाशी येऊन उभा राहतो. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस असतो; गावाचा दिवा दिसत नाही. याला मराठी मुलखात 'चकवा लागणे' असे म्हणतात. जुनी माणसे यामागे भूतबाधा मानीत आणि उपायही सांगत : चालणे थांबवावे व तांबडे फुटेपर्यंत एका जागी बसून राहावे. दुसरीकडे त्याच शिवारातील बैलांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गाडीवान गाडीतच झोपी गेला तरी बैल त्याला बिनचूक गोठ्यापर्यंत आणून सोडतात, हे खेड्यातील कोणीही सांगेल.

माणूस का चुकतो आणि जनावर का चुकत नाही, असा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. मात्र तो थोडा चुकीचा मांडला गेला आहे. माणूस, बैल, उंदीर, वटवाघूळ या सर्व सस्तन प्राण्यांच्या मेंदूत जागा ओळखण्याची व्यवस्था मूलतः एकाच धाटणीची आहे, आणि ती ज्या आधारांवर चालते ते आधार काढून घेतले तर सर्वच प्राणी चुकतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत या व्यवस्थेचा उलगडा चेतापेशींच्या पातळीपर्यंत झाला आहे. त्या संशोधनाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्याच्या आधारे चकवा तसेच वृद्धापकाळातील वाट चुकणे या दोन अनुभवांचा अर्थ लावणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

मनातील नकाशाची कल्पना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. उंदीर चक्रव्यूहातून अन्नापर्यंत पोहोचतो तो 'येथे डावीकडे, तेथे उजवीकडे' अशा सवयींच्या साखळीमुळे, असे मानले जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठातील एडवर्ड टोलमन यांना हे पटत नव्हते. १९४६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना वळणावळणाच्या एकाच वाटेने अन्नापर्यंत जाण्यास शिकविले. नंतर ती वाट बंद करून सूर्यकिरणांप्रमाणे सर्व दिशांना फुटणाऱ्या अनेक नव्या वाटा उघडल्या. सवयीचेच राज्य असते तर उंदरांनी जुन्या वाटेशेजारची वाट धरली असती. प्रत्यक्षात सर्वाधिक उंदरांनी निवडलेली वाट अन्नाच्या मूळ जागेजवळ थेट नेणारी होती. १९४८ साली टोलमन यांनी यावरून असा सिद्धान्त मांडला की, प्राण्याच्या मनात परिसराचा 'बोधात्मक नकाशा' तयार होतो.

या प्रयोगात अन्नाच्या जागी एक दिवा लावलेला होता आणि उंदीर केवळ दिव्याकडे गेले असतील, अशी टीका पुढे झाली. ती रास्तही होती. पण कल्पना टिकली, कारण तिच्या बाजूने पुरावा शेवटी चक्रव्यूहातून नव्हे, तर मेंदूतून आला.

स्थानपेशी :

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आतल्या अंगास हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. त्याचा आकार समुद्रातील घोडमाशासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या माशाचे ग्रीक नाव मिळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन ओकीफ यांनी उंदराच्या या भागात केसासारख्या सूक्ष्म तारा बसविल्या आणि उंदराला मोकळे फिरू दिले. चेतापेशी उद्दीपित झाली की तिच्यात विद्युतस्पंद निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकाला जोडला की 'टक्-टक्' असा आवाज ऐकू येतो. ओकीफ यांच्या असे लक्षात आले की, काही पेशी उंदीर काय करतो आहे याची पर्वा करीत नाहीत. तो कोठे आहे याचीच करतात. उंदीर एका विशिष्ट जागी आला की एक पेशी बोलू लागते आणि तेथून तो हलला की गप्प होते. दुसऱ्या पेशीची जागा दुसरी. ओकीफ व जोनाथन डोस्त्रोव्स्की यांनी १९७१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. या पेशींना 'स्थानपेशी' हे नाव मिळाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. घराचा नकाशा भिंतीवर लावलेला असावा तसा हा नकाशा मेंदूत पसरलेला नसतो. हिप्पोकॅम्पसमध्ये शेजारी असलेल्या दोन पेशींच्या जागा बाहेरच्या जगात शेजारी असतीलच असे नाही. शिवाय एकच पेशी एका खोलीत दाराजवळ, तर दुसऱ्या खोलीत भलत्याच कोपऱ्यात उद्दीपित होऊ शकते, किंवा तेथे मुळीच होत नाही. कोणत्या पेशी एकत्र बोलत आहेत, या मेळातून जागा ठरते. गावात दवंडी एकाच माणसाने द्यावी तसे हे नाही. भजनी मंडळात कोणकोणते आवाज आज आले आहेत यावरून मंडळ ओळखावे, तसे हे आहे.

१९९४ साली मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखविले की, दिवसा चालताना ज्या स्थानपेशी एकत्र उद्दीपित झाल्या, त्याच उंदराच्या झोपेतही पुन्हा एकत्र उद्दीपित होतात. चाललेली वाट झोपेत जणू पुन्हा चालली जाते. जागेचे ज्ञान आणि स्मरण या दोन गोष्टी मेंदूच्या एकाच भागात का नांदतात, याचे उत्तर यात दडलेले असावे.

दिशा आणि अंतर :

केवळ 'मी येथे आहे' एवढ्याने वाट सापडत नाही. तोंड कोणीकडे आहे आणि आपण किती चाललो, हेही कळावे लागते. १९८४ साली जेम्स रँक यांनी अशा पेशी शोधल्या की ज्या उंदराचे डोके ठराविक दिशेला वळले की उद्दीपित होतात, मग तो पेटीत कोठेही असो. त्यांना शिरोदिशा पेशी म्हणतात. त्यांची तुलना होकायंत्राशी करण्याचा मोह होतो. परंतु त्यांचा चुंबकीय उत्तरेशी संबंध नाही. त्यांची 'उत्तर' ही परिसरातील खुणांवरून ठरते. पेटीच्या भिंतीवरील एकमेव पांढरा कागद फिरविला की पेशींच्या दिशाही त्याच्याबरोबर फिरतात.

अंतराचा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित होता. त्याचे उत्तर नॉर्वेतील ट्रॉनहेम येथे मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. हिप्पोकॅम्पसला बहुतांश माहिती पुरविणाऱ्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागातील पेशी एकाऐवजी अनेक जागी उद्दीपित होत होत्या. पेटी लहान असताना त्या जागांमधील रचना कळेना. उंदराला मोठ्या गोल रिंगणात सोडून त्या जागा कागदावर ठिपक्यांनी मांडल्या, तेव्हा जे उमटले ते पाहून संशोधकही चकित झाले. मराठी घरातील कोणत्याही मुलीने ते तत्काळ ओळखले असते : ती ठिपक्यांची रांगोळी होती. एका ओळीतील ठिपके दुसऱ्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध, प्रत्येक ठिपक्याभोवती समान अंतरावर सहा ठिपके. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि या पेशींना 'जालपेशी' म्हटले जाऊ लागले. जमिनीवर तर काहीच काढलेले नव्हते. रांगोळी उंदराच्या मेंदूनेच जगावर घातली होती.

या जाळ्यांचे माप सर्वत्र सारखे नसते. मेंदूच्या या भागात वरून खाली जावे तसतसे ठिपक्यांमधील अंतर वाढत जाते. बारीक जाळे वितीने, तर मोठे जाळे काठीने मोजावे तसे, वेगवेगळ्या मापांच्या जाळ्यांचा मेळ घालून स्थान अचूक ठरविता येते, असे अभ्यासकांचे मत आहे. पुढे भिंत वा कडा जवळ आल्यावर उद्दीपित होणाऱ्या सीमापेशी (२००८) आणि धावण्याच्या वेगानुसार उद्दीपित होणाऱ्या वेगपेशी (२०१५) यांचाही शोध लागला. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भारतीय संशोधकांचा या क्षेत्रातील सहभाग मराठीत फारसा नोंदविला गेलेला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करणारे सचिन देशमुख यांनी जेम्स निअरिम यांच्यासमवेत २०११ साली असे दाखविले की, एंटोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूस असलेल्या पेशी मोकळ्या जागेपेक्षा तेथील वस्तूंना प्रतिसाद देतात. २०१३ साली त्यांनी हिप्पोकॅम्पसमध्ये अशाही पेशी नोंदविल्या, ज्या एखाद्या वस्तूपासून ठराविक अंतरावर व ठराविक दिशेला उद्दीपित होतात. 'चिंचेपासून पूर्वेला वीस पावले' अशी खूण सांगावी, तसे हे पेशीचे बोलणे आहे. अमेरिकेत कार्यरत असलेले मयंक मेहता यांच्या गटाने २०१३ साली उंदरांना पडद्यावरील आभासी जगात चालविले, तेव्हा खऱ्या जगात काम करणाऱ्या स्थानपेशींपैकी बऱ्याचशा गप्प झाल्या. डोळ्यांना दिसले म्हणजे जागा कळली असे नाही; पायांची हालचाल, वास, अंगाला जाणवणारे वळण या सर्वांची साक्ष जुळावी लागते.

चकवा लागतो म्हणजे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. प्राणी दोन प्रकारे वाट काढतो. एक, परिसरातील खुणा ओळखून. आणि दुसरे, आपण किती चाललो व किती वळलो याचा मनातल्या मनात हिशेब ठेवून. दुसऱ्या प्रकारास 'मार्गसंकलन' म्हणता येईल. ट्युनिशियाच्या वाळवंटातील मुंगी अन्नाच्या शोधात नागमोडी भटकते आणि अन्न मिळताच सरळ रेषेत वारुळाकडे परतते, ती याच हिशेबावर. मात्र या हिशेबात एक मूलभूत उणीव आहे. प्रत्येक वळणाच्या मोजणीत अल्पशी चूक होते आणि ती पुढच्या चुकीत मिळत जाते. किराणा दुकानाच्या वहीत रोज चार आणे चुकत गेले, तर वर्षाअखेर मेळ कसा बसणार? हा मेळ बसविण्याचे काम खुणा करतात. ओळखीचे झाड, मारुतीच्या देवळाचा कळस, क्षितिजावरचा दिवा दिसला की शिरोदिशा पेशी आपली दिशा दुरुस्त करून घेतात. अंधारात ठेवलेल्या उंदराच्या शिरोदिशा पेशी हळूहळू भरकटत जातात, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

माणसावर हा प्रयोग २००९ साली यान साउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जर्मनीतील दाट अरण्यात आणि सहाराच्या वाळवंटात माणसांना 'सरळ चालत राहा' एवढेच सांगण्यात आले. सूर्य दिसत होता तेव्हा ती सरळ चालली. आभाळ भरलेले असताना अरण्यातील माणसे वर्तुळात फिरली; स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली आणि ते त्यांच्या लक्षातही आले नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसेपर्यंत नीट चालला. चंद्र ढगाआड जाताच तो वळत वळत आलेल्या दिशेलाच परतू लागला. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधी कधी वीस मीटरपेक्षाही कमी व्यासाची होती. एक पाय आखूड असल्याने माणूस एकाच बाजूस वळतो, ही समजूतही या प्रयोगाने खोटी ठरविली, कारण तीच माणसे कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे वळत होती. 'सरळ' कोणते याची आतली जाणीवच भरकटलेली होती.

उसाच्या फडातील माणसाचे याहून वेगळे काही होत नाही. खुणा उसाने झाकलेल्या, चांदणे नाही, आणि हिशेबातील चूक पावलागणिक वाढणारी. त्यात मन घाबरले की विहीर ओळखीची असूनही ती 'भलत्या बाजूला' दिसते. यालाही पेशींच्या पातळीवर आधार आहे. निअरिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले की, ज्या उंदरांना पेटीत सोडण्यापूर्वी दरवेळी गरगर फिरवून दिशाहीन केले जाते, त्यांच्या पेशी समोरच्या खुणेवर विश्वास ठेवीनाशा होतात. ज्या खुणेने एकदा दगा दिला, तिला मेंदू खूण मानीत नाही. या प्रकाशात पाहता 'तांबडे फुटेपर्यंत बसून राहावे' हा जुन्या माणसांचा सल्ला भूतबाधेच्या कारणमीमांसेपेक्षा कितीतरी शहाणा होता. बसल्याने हिशेबातील चूक वाढणे थांबते आणि उजाडल्यावर पूर्व कळते.

बैलाबाबत असा पेशींचा अभ्यास या विवेचनासाठी उपलब्ध नाही. तथापि वास, पायाखालच्या चाकोरीचा स्पर्श आणि रोजचा सराव हे त्याचे आधार अंधारातही शाबूत राहतात, एवढे तर्काने म्हणता येते. नव्या बाजारात विकलेला बैल पहिल्या दिवसापासून झोपलेल्या धन्याला घरी आणीत नाही, हेही लक्षात घ्यावे.

उडणारे जीव :

प्रयोगशाळेतील पेटी आणि शिवार यांत मोठे अंतर आहे, हा आक्षेप या संशोधनावर सतत घेतला गेला. इस्राएलमधील नाखुम उलानोव्स्की यांच्या गटाने तो गांभीर्याने घेतला. २०१३ साली मायकेल यार्तसेव व उलानोव्स्की यांनी उडत्या फलाहारी वटवाघळांच्या मेंदूत त्रिमितीय स्थानपेशी नोंदविल्या. पुढे याच गटाने टांझानियाजवळच्या एका निर्जन बेटावर वटवाघळांना उघड्या आभाळाखाली उडू दिले व त्यांच्या शिरोदिशा पेशी नोंदविल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पेशींची दिशा संपूर्ण बेटावर एकच राहिली, आणि चंद्र उगवला वा ढगाआड गेला तरी ती बदलली नाही. मात्र हे स्थैर्य पहिल्याच रात्री आले नाही. त्याला काही रात्री जाव्या लागल्या. नव्या गावी बदलून गेलेल्या माणसाला आठवडाभर पूर्व-पश्चिम उलटी वाटते आणि मग एके दिवशी दिशा 'बसते', तसाच हा प्रकार दिसतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. भीमाशंकरच्या अभयारण्यात लाकूड पोखरून घर करणारा एक भुंगा आढळतो. झायलोकोपा ट्रँकबारिका हे त्याचे शास्त्रीय नाव. बहुतेक भुंगे व मधमाश्या दिवसा उडतात. हा मात्र अंधाऱ्या रात्रीही उडतो. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनमधील त्यांचे सहकारी यांनी २००८ साली दाखविले की, हा भुंगा केवळ चांदण्यांच्या उजेडात घराजवळील खुणेचा रंग ओळखून परततो. इतक्या कमी उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत. कीटकांना हिप्पोकॅम्पस नसते, हे खरे. परंतु त्यांच्या मेंदूच्या मध्यभागी दिशा धरून ठेवणाऱ्या पेशींचे एक वलय असते. फळमाशीतील हे वलय योहानेस सीलिग व विवेक जयरामन यांनी २०१५ साली प्रत्यक्ष कार्यरत असताना पाहिले. पनामातील एका निशाचर मधमाशीच्या अशाच पेशींचा अभ्यास २०१७ साली झाला असून त्यात दिशा व वेग यांची नोंद एकत्र येत असल्याचे दिसते. सस्तन प्राणी आणि कीटक यांच्या उत्क्रांतीच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही दोघांनी दिशा जपण्यासाठी जवळजवळ एकच युक्ती योजावी, ही या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब होय.

माणूस, गाव आणि वार्धक्य :

मानवी हिप्पोकॅम्पस वापराने बदलतो. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूचा अभ्यास केला. सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करून परवाना मिळविणाऱ्या या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. बालपणाचा परिसरही महत्त्वाचा ठरतो. ३८ देशांतील सुमारे चार लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, शहराबाहेर वाढलेल्या व्यक्ती वाट शोधण्यात सरासरीने सरस असतात. आखीव चौकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेल्या व्यक्ती मागे पडतात. वाकड्यातिकड्या गल्लीबोळांत आणि पांदण रस्त्यांवर वाढलेल्या मुलाला आपण मागासलेल्या परिसरात वाढलो असे वाटत असेल, तर निदान या एका बाबतीत ते खरे नाही.

या सर्व संशोधनाची खरी निकड मात्र वार्धक्यात जाणवते. हाइको ब्राक व एव्हा ब्राक यांनी १९९१ साली दाखविले की, अल्झायमर रोगात चेतापेशींमध्ये होणारी विकृती एंटोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या परिसरात सर्वप्रथम सुरू होते. ज्या भागात जालपेशी आहेत, नेमका तोच हा भाग. २०१५ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात या रोगाचा आनुवंशिक धोका असलेल्या, परंतु पूर्णतः निरोगी अशा तरुणांमध्येही जालपेशींच्या कार्याची खूण क्षीण असल्याचे आढळले. नावे विसरण्याच्या आधी किंवा त्याबरोबरच वाट विसरली जाणे, ही गोष्ट म्हणूनच अपघाती नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, आणि ग्रामीण भागात हे प्रमाण शहरापेक्षा अधिक आहे. आपल्याकडे मात्र 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने विषय संपविला जातो. पन्नास वर्षे एकाच शिवारात राबलेला वृद्ध एके संध्याकाळी शेतातून परतताना दुसऱ्याच्याच दारात उभा राहिला, तर घरचे हसतात, क्वचित रागावतात, आणि 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात. फडात रात्री चकवा लागलेल्या माणसाच्या खुणा उसाने झाकलेल्या असतात. या वृद्धाच्या खुणा लख्ख उजेडात जागच्या जागी असतात. मारुतीचे देऊळ त्याला दिसते, ओळखूही येते, पण तेथून घर कोणीकडे हे सांगणाऱ्या पेशी क्षीण होत चाललेल्या असतात. पहिल्या प्रकारात उजाडण्याची वाट पाहणे पुरेसे होते. दुसऱ्या प्रकारात वाट न पाहता डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते, कारण ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही असा गोंधळ उडू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरच असेल तर तो बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु घरापासून शेतापर्यंतची वाट न बदलणे, अंगणातील तुळशीवृंदावन, पार, हौद या जुन्या खुणा जागच्या जागी ठेवणे आणि वृद्धाला वारंवार एका मुलाच्या घरून दुसऱ्याच्या घरी न हलविणे, एवढे कुटुंबाच्या हाती असते. तीन मुलांत आई-वडिलांचे चार-चार महिने वाटून घेण्याची जी पद्धत गावोगाव दिसते, तिच्याकडे या दृष्टीने अद्याप कोणी पाहिलेले नाही.